संघ सोडला म्हणजे धर्मगुरूचा दर्जाही सुटला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. वडगाव शेरीत राहणाऱ्या तुमच्या कुटुंबातील थोरले बंधू एका धर्मसंघाचे (व्रते घेऊन एकत्र राहणाऱ्या कॅथलिक संस्थेचे) फादर, म्हणजे धर्मगुरू, होते. दोन वर्षांपूर्वी ते संघाच्या घरातून बाहेर पडले आणि खराडीच्या एका कंपनीत प्रशिक्षण विभागात नोकरीला लागले. आज ते ३८ वर्षांचे आहेत आणि त्यांना एका मुलीशी लग्न करायचे आहे. त्यांच्याकडे संघाचे एक इंग्रजी पत्र आहे आणि त्याचा अर्थ ते ‘मी व्रतांतून मोकळा झालो’ असा सांगतात. आई म्हणते, एकदा फादर झालेला माणूस मरेपर्यंत फादरच. मामा म्हणतात, पत्र मिळाले म्हणजे तो आता आपल्यासारखाच प्रापंचिक, कोर्टात लग्न नोंदवून मोकळे व्हावे. शिवाय तुमची धाकटी बहीण सिस्टर आहे, तिची पहिली व्रते होऊन दोन वर्षे झाली आहेत, आणि उद्या तिचे मन बदलले तर तिलाही हेच सारे सोसावे लागेल का, ही धास्ती तुम्हाला आहे.

मी विवाहित प्रापंचिक स्त्री आहे. बेंगळुरूला कॅनन कायदा, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा, शिकल्यानंतर गेली एकवीस वर्षे पुण्यात राहून मुख्यतः ख्रिस्तसभेच्या न्यायालयांपुढील विवाहांची प्रकरणे पाहते, आणि त्याच्या जोडीने संघ किंवा धर्मगुरुपद सोडू पाहणाऱ्यांना अर्ज तयार करायला मदत करते. ज्या प्रकरणात एखाद्या धर्मगुरूच्या अब्रूचा प्रश्न येऊ शकतो तिथे नोटरी (जबाब नोंदवणारा) हा धर्मगुरूच असावा लागतो, असे कॅनन (कलम) ४८३ सांगतो, त्यामुळे अशा चौकशीत मी नेहमी टेबलाच्या अर्जदाराकडच्या बाजूला बसत आले आहे. त्या बाजूने जे दिसते ते इथे लिहिते आहे. दादांचे कागद मी पाहिलेले नाहीत, आणि पुढचे बरेचसे त्या एका पत्रात काय लिहिले आहे यावर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

तुमच्या घरातला वाद मुळात शब्दांच्या गोंधळातून उभा राहिला आहे. आपण मराठी कॅथलिक माणसे फादर, सिस्टर, ब्रदर या सगळ्यांना एकाच माळेत ओवतो आणि उरलेल्यांना प्रापंचिक म्हणतो, जणू एका बाजूला संन्यास आणि दुसऱ्या बाजूला संसार, एवढेच दोन कप्पे आहेत. कॅनन कायद्याची मांडणी अशी नाही. १९८३च्या संहितेतील कॅनन २०७ म्हणतो की ख्रिस्तसभेत दीक्षित सेवक (डीकन, धर्मगुरू, बिशप) आहेत, ज्यांना कायद्यात क्लेरिक म्हणतात, आणि इतर सर्व श्रद्धावंत हे प्रापंचिक आहेत. ही एक विभागणी झाली. त्याच कॅननच्या दुसऱ्या भागात पुढे असे म्हटले आहे की या दोन्ही गटांतील काही जण दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेऊन समर्पित जीवन जगतात. म्हणजे व्रतस्थ हा काही तिसरा मजला नव्हे. कॅनन ५८८ स्पष्टच सांगतो की समर्पित जीवनाची अवस्था तिच्या स्वभावाने याजकीयही नाही आणि प्रापंचिकही नाही. धर्मप्रांताचे फादर क्लेरिक असतात, पण व्रतस्थ नसतात. सिस्टर व्रतस्थ असतात, पण क्लेरिक नसतात. तुमचे दादा दोन्ही होते, आणि तुमच्या घरातला घोळ नेमका इथे आहे.

क्लेरिक कोण आणि केव्हापासून, हेही एकदा पाहून घेऊ. नगर रस्त्याला रामवाडीच्या पेपल सेमिनरीतून (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतून), जी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आली, रविवारी पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) मुलांना धर्मशिक्षण द्यायला येणाऱ्या तरुणांना आपण ‘ब्रदर’ म्हणतो. पांढरा झगा घातलेला असला आणि तत्त्वज्ञानाची तीन वर्षे पूर्ण झालेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते प्रापंचिकच असतात. डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळते त्या क्षणी माणूस क्लेरिक होतो आणि त्याच क्षणी तो एखाद्या धर्मप्रांताशी किंवा संघाशी कायद्याने जोडला जातो. या जोडणीला इनकार्डिनेशन म्हणतात, आणि कोणाशीच न जोडलेला, वाऱ्यावरचा धर्मगुरू कॅनन २६५ला मान्य नाही. जुन्या पिढीच्या मनात सेमिनरीत गेला तो ‘त्यांच्यातला’ झाला, असे असते. त्यालाही कारण आहे. पूर्वी डोक्यावरचे केस कापण्याचा टॉन्शरचा विधी झाला की मुलगा क्लेरिक होत असे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये तो विधी लॅटिन ख्रिस्तसभेत बंद केला. (मी इथे लॅटिन विधीच्या कायद्याबद्दल लिहिते आहे. पुण्यात सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा कुटुंबेही आहेत. त्यांना १९९०ची पौर्वात्य संहिता लागू होते आणि तिच्यात काही तरतुदी वेगळ्या आहेत.)

आता दादांकडे येते. त्यांच्या आयुष्यात दोन स्वतंत्र गाठी बांधल्या गेल्या आहेत. पहिली गाठ व्रतांची. ती त्यांनी संघात स्वतः बांधून घेतली आणि कायमच्या व्रतांच्या दिवशी ती पक्की झाली. दुसरी गाठ दीक्षेसोबत आली. लॅटिन विधीत दीक्षा घेणाऱ्यावर ब्रह्मचर्याचे बंधन कॅनन २७७ने येते, त्याने व्रत घेतलेले असो वा नसो. धर्मप्रांताच्या फादरांवर ही एकच गाठ असते, सिस्टरांवर फक्त पहिली असते. तुमच्या दादांवर दोन्ही आहेत, आणि एक सोडवल्याने दुसरी सुटत नाही. मामांचा तर्क पहिल्या गाठीपाशीच थांबतो. पहिली गाठ तरी सुटली आहे का, याचीसुद्धा मला खात्री वाटत नाही, आणि म्हणूनच ते पत्र महत्त्वाचे आहे.

अशी पत्रे माझ्याकडे बरीच येतात. बहुतेक वेळा संघाच्या लेटरहेडवरचे एकच पान असते, वर क्रमांक, खाली प्रोव्हिन्शियलांची (संघाच्या प्रांतप्रमुखांची) सही आणि गोल शिक्का. आणणाऱ्याने ते इतक्या वेळा उघडलेले असते की घडीवर कागद फाटायला आलेला असतो. मी आधी दोन गोष्टी शोधते: कुठल्या कॅननचा उल्लेख आहे, आणि मुदत लिहिली आहे का. कॅनन ६६५ लिहिले असेल तर ती संघाच्या घराबाहेर राहण्याची साधी परवानगी आहे, सामान्यतः जास्तीत जास्त एका वर्षाची. ६८६ असेल तर ते एक्सक्लॉस्ट्रेशन, म्हणजे व्रते कायम ठेवून संघाबाहेर राहण्याची दीर्घ मुभा. संघाचे सर्वोच्च प्रमुख ती पूर्वी तीन वर्षांपर्यंत देऊ शकत असत, २०२२च्या बदलानंतर पाच वर्षांपर्यंत देऊ शकतात. या दोन्हींत माणूस व्रतस्थही राहतो आणि धर्मगुरूही राहतो. पत्रात ‘सामूहिक जीवनाच्या बंधनांतून मोकळीक’ अशा अर्थाचे शब्द असतात आणि थकलेला माणूस त्यातून ‘बंधनांतून मोकळीक’ एवढेच वाचतो. त्यात त्याचा दोष नाही. ते पत्र देताना कोणीतरी समोर बसून त्याचा अर्थ समजावून सांगायला हवा होता, आणि अनेकदा ते होत नाही, याचे मला वाईट वाटते.

६९१ ते ६९३ या कॅननांचा उल्लेख असेल तर ते संघ कायमचा सोडण्याचे पत्र, ज्याला इंडल्ट म्हणतात. इंडल्टने व्रते खरोखर सुटतात. पण दादांसारख्या दीक्षित व्यक्तीला ते पत्र सहजी मिळत नाही, कारण कॅनन ६९३ प्रमाणे एखादा बिशप त्याला आपल्या धर्मप्रांतात सामावून घ्यायला, निदान परीक्षणासाठी तरी, तयार झाल्याशिवाय ते देताच येत नाही. वाऱ्यावरचा धर्मगुरू नको, हा मघाचाच नियम इथे पुन्हा येतो. दादा कुठल्याही बिशपांकडे गेले नसतील, सरळ खराडीला नोकरीला लागले असतील, तर त्यांच्या हातातले पत्र इंडल्ट असण्याची शक्यता मला कमी वाटते. उरली चौथी शक्यता, बडतर्फीचे पत्र. परवानगी न घेता संघाबाहेर सलग बारा महिने राहिलेल्या सदस्याला कायद्यानेच बडतर्फ मानावे, अशी तरतूद पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केली. तिची रीतसर नोंद करावी लागते आणि त्यानंतर व्रते संपतात. पण कॅनन ७०१ लगेच पुढे सांगतो की असा माणूस दीक्षित असेल तर कोणी बिशप त्याला स्वीकारेपर्यंत त्याने दीक्षेचा वापर करू नये. म्हणजे संघातून गेला, तरी क्लेरिक राहिलाच.

या चार पत्रांपैकी कुठलेही असले तरी ते दादांना लग्नाला मोकळे करत नाही. कॅनन १०८७ प्रमाणे दीक्षिताने केलेला विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहच ठरत नाही. दुसरी गाठ सोडवणारा कागद वेगळा आहे आणि तो रोमहून येतो.

क्लेरिकचा दर्जा जाण्याचे मार्ग कॅनन २९०ने तीनच ठेवले आहेत. दीक्षाच मुळात अवैध होती असा निर्णय होणे हा पहिला मार्ग, आणि तो अत्यंत दुर्मीळ आहे. दुसरा मार्ग शिक्षा म्हणून दर्जा काढून घेण्याचा. अमेरिकेतील माजी कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक यांच्याबाबत २०१९ मध्ये तेच झाले. तिसरा मार्ग रोमकडून मिळणाऱ्या रिस्क्रिप्टचा, म्हणजे विनंतीवरून दिलेल्या कृपापत्राचा. वर्तमानपत्रांत या सगळ्यांना सरसकट ‘हकालपट्टी’ म्हणतात. मग तुमच्या पॅरिशमधली माणसे ‘त्याला काढले’ असे बोलतात आणि आई खाली मान घालून चर्चमधून घरी येते. आईला सांगा की विनंतीवरून मिळालेले रिस्क्रिप्ट ही शिक्षा नव्हे. पॅराग्वेचे बिशप फर्नांडो लुगो २००८ मध्ये देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. क्लेरिकला राज्यसत्तेचे पद घेता येत नाही, म्हणून पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्याच वर्षी त्यांचा याजकीय दर्जा संपवून त्यांना मोकळे केले. बिशपांच्या बाबतीतसुद्धा जे शक्य झाले, ते एका साध्या फादरांनी मागणे हे पाप नाही.

मात्र ते मागितले की मिळते, असेही नाही. ब्रह्मचर्यातून सूट फक्त पोप देतात, कॅनन २९१ याबाबत निःसंदिग्ध आहे, आणि संहितेच्या भाषेत डीकनसाठी ‘गंभीर’ तर धर्मगुरूसाठी ‘अत्यंत गंभीर’ कारण लागते. अर्ज प्रोव्हिन्शियलांमार्फत किंवा बिशपांमार्फत जातो. १९८०च्या नियमांप्रमाणे एक चौकशी अधिकारी नेमला जातो, अर्जदाराला सविस्तर प्रश्न विचारले जातात, सेमिनरीतील जुने अहवाल काढले जातात, साक्षी होतात, आणि बिशपांचे किंवा प्रोव्हिन्शियलांचे मत जोडून सारे बाड रोममधील धर्मगुरूविषयक विभागाकडे पाठवले जाते. दादांचे वय ३८ आहे, ही इथली खरी अडचण आहे. चाळिशीच्या आतल्या धर्मगुरूला सूट सहसा न देण्याचा प्रघात आहे. संहितेत हा आकडा कुठेही नाही, अपवादही होतात, पण ‘लगेच मिळून जाईल’ असे तुम्हाला कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या प्रकरणांत उत्तर यायला कधी काही महिने लागले, कधी काही वर्षे.

अर्जाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण काम बिघडते ते इथेच. बहुतेक जण पहिल्या मसुद्यात वरिष्ठांविरुद्धच्या तक्रारी लिहून आणतात: कोणी कुठे बदली केली, कोणी कसे बोलले, कोणी आजारपणात विचारले नाही. त्या तक्रारी खऱ्याही असतात. पण रोमला समजून घ्यायचे असते ते या माणसाबद्दल: लहानपणी घर कसे होते, सेमिनरीत जायचा निर्णय कोणाचा होता, दीक्षेच्या आधी शंका आल्या होत्या का आणि त्या कोणाला सांगितल्या होत्या, ब्रह्मचर्य त्याला कितपत झेपत होते, परत जाण्याची वाट खरोखर बंद झाली आहे का. एका प्रकरणात अर्जदाराची आई साक्षीला आली होती. तिने दुधाच्या पिशवीत गुंडाळून मुलाची सेमिनरीच्या पहिल्या वर्षातली पत्रे आणली होती. त्यातल्या एका पत्रात सतरा वर्षांच्या मुलाने लिहिले होते, ‘मला घरी यायचे आहे, पण बाबा गावात काय सांगतील?’ त्या एका ओळीने अर्जाच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगितले. तुम्हालाही साक्षीला बोलावले जाण्याची शक्यता आहे. जे पाहिले तेच सांगा. दादांना वाचवण्यासाठी संघाला काळे फासू नका आणि संघाला जपण्यासाठी दादांना दोष देऊ नका.

रिस्क्रिप्टमध्ये दर्जा संपणे आणि ब्रह्मचर्यातून सूट या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. दादा अजून व्रतस्थ असतील तर व्रतांतून सुटकाही त्यातच समाविष्ट असते. त्यानंतर ते चर्चमध्ये विवाह करू शकतात. तो गाजावाजा न करता, शांतपणे व्हावा अशी अपेक्षा असते. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करणे, प्रवचन देणे, ख्रिस्तशरीर (मिस्सेतील पवित्र भाकर) वाटणे, सेमिनरीत शिकवणे ही कामे त्यांना करता येत नाहीत. कॅथलिक शाळेत नोकरी घ्यायची झाली तर मुख्याध्यापकपद किंवा धर्मशिक्षण याबाबत बिशपांना आधी विचारावे लागते. आणि पुन्हा धर्मगुरू म्हणून काम करण्याची इच्छा झाली तर दार फक्त रोमच उघडू शकते.

आता मामांचा सल्ला. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन दादा लग्न नोंदवू शकतात, आणि राज्याच्या दृष्टीने ते पूर्ण वैध असेल. निबंधक कार्यालय कोणाची दीक्षा झाली आहे ते विचारत नाही. उलट बाजूनेही तसेच आहे. ख्रिस्तसभेच्या न्यायालयांचे निर्णय देशाच्या विवाह कायद्यावर मात करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येही पुन्हा स्पष्ट केले आहे. हे दोन कायदे शेजारी शेजारी चालतात आणि एकाने दिलेली मोकळीक दुसऱ्यात चालत नाही. ख्रिस्तसभेच्या बाजूने मात्र त्या सहीबरोबर बरेच काही आपोआप घडते. कॅनन १३९४ प्रमाणे सस्पेन्शन, म्हणजे धर्मगुरूचे काम करण्यास मनाई, लागू होते, एखादे पद असेल तर ते जाते, आणि संघात अजून नाव असेल तर कॅनन ६९४ प्रमाणे बडतर्फीही होते. विवाह ख्रिस्तसभेत वैध नसल्यामुळे दादांना ख्रिस्तशरीर घेता येत नाही, आणि त्या मुलीलाही घेता येत नाही. तुमच्या संपूर्ण प्रश्नात तिचा उल्लेख एकदाच, तोही ओझरता आला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. ती कॅथलिक असेल तर दर रविवारी तिला बाकावर बसून राहावे लागेल आणि शेजारच्या बायका ते पाहतील. हे तिला आज माहीत आहे का? ‘आधी कोर्टात लग्न करा, मग रोम आपोआप सूट देते’ असा सल्ला देणारे पुण्यात अनेक भेटतील. पाच वर्षांहून अधिक काळ सेवा सोडलेल्यांसाठी २००९ पासून एक वेगळी प्रक्रिया आहे, त्यातून हा समज पसरला असावा. ज्यांनी असे केले त्यांची प्रकरणेही मी हाताळली आहेत आणि त्यांना मी कमी लेखत नाही. पण मला विचाराल तर आधी अर्ज करावा आणि लग्न थांबवावे. थांबणे अशक्यच झाले, तर निदान त्या मुलीने सगळे समजून उमजून सही करावी.

धाकट्या बहिणीची काळजी मात्र तुम्ही मनातून काढून टाका. तिच्यावर फक्त पहिली गाठ आहे आणि तीही अजून सैल आहे. संघातल्या नवशिकेपणाचे (नोव्हिशिएटचे) किमान बारा महिने झाल्यावर घेतलेली पहिली व्रते ठरावीक मुदतीची असतात. ही अवस्था किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षांची, वाढवून नऊपर्यंत. मुदत संपल्यावर जायचे ठरवले तर ती कोणाच्याही परवानगीशिवाय जाऊ शकते, कॅनन ६८८ तिला तो हक्क देतो. मुदतीच्या मध्येच जायचे असेल तर संघाच्या सर्वोच्च प्रमुख सल्लागार मंडळाच्या संमतीने तिला मोकळे करू शकतात. कायमच्या व्रतांनंतर गोष्ट जड होते. परवानगी रोमकडून किंवा संघ धर्मप्रांतीय असेल तर बिशपांकडून घ्यावी लागते, आणि ती मिळेपर्यंत विवाह होऊ शकत नाही. तरीही दीक्षेचा प्रश्न तिच्या वाटेवर येत नाही. आणि तिचे मन बदलेल असे धरून का चालता? तिला दादांच्या चष्म्यातून पाहू नका, एवढीच माझी विनंती आहे.

आता आईचे वाक्य. ते अर्धे बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग फार मोलाचा आहे. कॅनन २९०ची सुरुवातच अशी आहे की एकदा वैधपणे मिळालेली दीक्षा कधीही निष्फळ होत नाही. दीक्षेचा ठसा आत्म्यावर कायम राहतो. बाप्तिस्म्याचा ठसा जसा पुसला जात नाही, तसाच हाही. जातो तो दर्जा: अधिकार, कर्तव्ये, नेमणूक, नावामागचे ‘फादर’. म्हणून दादांनी उद्या मिस्सा अर्पण केली तर ती वैध होईल, पण मना केलेली असल्याने ते आज्ञेविरुद्ध ठरेल. तुम्ही लिहिले आहे की वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी घरीच मिस्सा करावी असा आईचा हट्ट आहे. कृपा करून त्यांना त्या पेचात पाडू नका, पॅरिशच्या फादरांना बोलवा. पापनिवेदनाचे तर त्याहून वेगळे आहे: अधिकृत परवानगी नसताना त्यांनी दिलेली पापक्षमा अवैधच ठरते, समोरच्याची फसगत होते.

याला एक अपवाद आहे आणि तो आईला जरूर सांगा. माणूस मरणाच्या दारात असेल तर कॅनन ९७६ प्रमाणे कोणताही दीक्षित धर्मगुरू, दर्जा गेलेला असला तरी, त्याला पापक्षमा देऊ शकतो, दुसरे फादर तिथे हजर असले तरीही. माझे एक अर्जदार रिस्क्रिप्ट मिळाल्यावर विमा कंपनीत काम करत होते. एका पावसाळ्यात घाटात त्यांच्या पुढची गाडी दरडीवर आदळली. चालकाच्या गळ्यात रोझरी होती. ते चिखलात गुडघे टेकून बसले आणि अकरा वर्षांत न उच्चारलेले शब्द त्यांनी उच्चारले. रुग्णवाहिका पोचण्याआधीच तो माणूस गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, ‘ते लागू झाले ना?’ मी म्हटले, झाले.

आता पुढच्या पायऱ्या. दादांकडून मूळ पत्र मागून घ्या आणि त्यावरची तारीख, मुदत व कॅननचा क्रमांक पाहा. मुदत संपून गेली असेल तर आजची त्यांची स्थिती काय आहे, ते प्रोव्हिन्शियलांना लेखी विचारावे, फोनवर नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा तुमच्या नगर जिल्ह्यातील मूळ गावच्या चर्चमध्ये झाला आहे. तो भाग आता नाशिक धर्मप्रांतात येतो, तेव्हा तिथल्या पॅरिश कार्यालयातून बाप्तिस्म्याचा दाखला समासातील नोंदींसह मागवा. दीक्षा आणि कायमची व्रते यांची नोंद कॅनन ५३५ प्रमाणे त्याच जाड रजिस्टरच्या समासात केलेली असायला हवी, आणि उद्या रिस्क्रिप्ट आले तर त्याची नोंदही तिथेच होईल. हे दोन कागद हाती आले की पुन्हा लिहा. दादांचे किंवा संघाचे नाव मात्र लिहू नका. त्यांच्या वैयक्तिक कारणांबद्दल सर्वांसमोर न बोलता प्रत्यक्ष भेटूनच बोललेले बरे, आणि शक्य असेल तर त्या भेटीला त्या मुलीलाही सोबत आणा.